पॅलेस्टाईनचे भवितव्य आणि वॉशिंग्टनमधले दबावगट

२ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर यांनी ब्रिटिश ज्यू समाजातले नेते लॉर्ड रॉथशील्ड यांना एक छोटेसे पत्र पाठवले. त्यातल्या जाहीरनाम्याचा इंग्रजी मजकूर अवघा ६७ शब्दांचा आहे. पॅलेस्टाईनमध्ये ज्यू लोकांचे ‘राष्ट्रीय गृह’ उभे राहण्यास ब्रिटिश सरकार अनुकूल आहे, असे त्यात म्हटले आहे. त्या वेळी पॅलेस्टाईनच्या दर दहा रहिवाशांपैकी सुमारे नऊ अरब होते, पण ‘अरब’ हा शब्द त्या मजकुरात नाही. ‘तेथील ज्यूएतर समुदाय’ एवढीच त्यांची ओळख दिली आहे, आणि त्यांना हमी आहे ती नागरी व धार्मिक हक्कांची. ‘राजकीय’ हा शब्द त्याच वाक्यात पुढे येतो, पण तो इतर देशांत राहणाऱ्या ज्यूंच्या राजकीय दर्जाबद्दल. पुढच्या शतकभराच्या वादाचे बीज या वाक्यात आहे: ज्यांच्या भूमीचा निर्णय होत होता, त्यांना त्या निर्णयात जागा नव्हती.

या जाहीरनाम्यामागे दोन गोष्टी होत्या. एक, चाइम वाइझमन यांची चिकाटी. मँचेस्टरमधले हे रसायनशास्त्रज्ञ युद्धसामग्रीसाठी लागणारे ॲसिटोन बनवण्याच्या कामामुळे ब्रिटिश मंत्र्यांच्या संपर्कात आले आणि पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचे राष्ट्र मागणाऱ्या झायोनिस्ट चळवळीची बाजू त्यांनी वर्षानुवर्षे त्यांच्यापुढे मांडली. दुसरी, ब्रिटनची युद्धकाळातली गणिते: सुएझ कालव्याची सुरक्षा, अमेरिका आणि रशियातले जनमत. मंत्रिमंडळातले भारतमंत्री एडविन माँटेग्यू हे स्वतः ज्यू असूनही त्यांनी जाहीरनाम्याला कडाडून विरोध केला होता. पॅलेस्टाईन हे ज्यूंचे राष्ट्रीय गृह ठरले, तर इतर सर्व देशांतले ज्यू आपापल्या देशात परके ठरतील, अशी त्यांची धास्ती होती. निर्णयाच्या वेळी ते हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघालेले होते. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा ज्या दौऱ्यातून निघाल्या, तोच हा दौरा. आर्जव करणारा गट आणि स्वतःचा स्वार्थ पाहणारी सत्ता एकमेकांना भेटली की धोरण ठरते. हा नमुना पुढे लंडनहून वॉशिंग्टनला गेला.

फाळणी आणि अकरा मिनिटे

पॅलेस्टाईनवर अंमल असलेल्या ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे सोपवला. १९४७ मध्ये नेमलेल्या अकरा देशांच्या समितीत भारतही होता. बहुमताने फाळणी सुचवली, तर भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी अल्पमताच्या अहवालात एकसंध संघराज्याची योजना मांडली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेत फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. १० देश तटस्थ राहिले. भारताचे मत विरोधात पडले. ज्यूंची संख्या एकूण लोकसंख्येच्या एक तृतीयांशाच्या आसपास असताना त्यांच्या राज्याला निम्म्याहून अधिक भूमी मिळणार होती. अरबांनी योजना नाकारली, ज्यू नेतृत्वाने स्वीकारली.

अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन त्या काळात झायोनिस्ट शिष्टमंडळांच्या माऱ्याने इतके वैतागले होते की, कोणत्याच नेत्याला भेटायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. १३ मार्च १९४८ रोजी एडी जेकबसन त्यांना भेटायला व्हाइट हाउसमध्ये गेले. कॅन्सस सिटीत एके काळी दोघांचे पुरुषांच्या कपड्यांचे भागीदारीतले दुकान होते. ते बुडाले, पण मैत्री टिकली. वाइझमन यांना भेटण्याची विनंती ट्रुमन ऐकेनात, तेव्हा जेकबसन यांनी खोलीतल्या अँड्र्यू जॅक्सनच्या छोट्या पुतळ्याकडे बोट दाखवले. जॅक्सन हे ट्रुमन यांचे दैवत. तुमचा जसा हा, तसा माझा वाइझमन, असे जेकबसन म्हणाले. पाच दिवसांनी वाइझमन यांची भेट झाली, गाजावाजा न करता. परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांचा नव्या ज्यू राज्याला तातडीने मान्यता देण्याला ठाम विरोध होता; असे झाले तर येत्या निवडणुकीत आपण तुमच्या विरोधात मत देऊ, असे त्यांनी अध्यक्षांना तोंडावर सुनावले.

तरीही १४ मे १९४८ रोजी, वॉशिंग्टनच्या घड्याळात संध्याकाळी सहाला ब्रिटिश अंमल संपला आणि अकरा मिनिटांनी अमेरिकेची मान्यता जाहीर झाली. त्या निवेदनाच्या टंकलिखित प्रतीवर ‘ज्यू राज्य’ हे शब्द खोडून हाताने ‘इस्रायलचे राज्य’ असे लिहिलेले आहे. मसुदा तयार झाला, तेव्हा नव्या राज्याचे नावही वॉशिंग्टनला ठाऊक नव्हते. या निर्णयाचे श्रेय एकट्या दुकानदार मित्राला देता येत नाही. नाझी छळातून वाचलेल्या ज्यूंबद्दलची कणव, येऊ घातलेली निवडणूक आणि सोव्हिएत संघ आधी मान्यता देईल ही चिंता, हे सगळे त्यात होते. दुसऱ्या बाजूला, १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी विस्थापित झाले. अरबी भाषेत या घटनेला ‘नकबा’, म्हणजे महासंकट, म्हणतात. व्हाइट हाउसमध्ये पुतळ्याकडे बोट दाखवू शकेल असा मित्र त्यांच्यापाशी नव्हता.

लॉबी चालते कशी

लॉबी म्हणजे मुळात सभागृहाबाहेरचे दालन. तिथे थांबून प्रतिनिधींना गाठणारे ते लॉबिस्ट. अमेरिकेत हे काम उजळ माथ्याने होते, कारण सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क तिथल्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतच आहे. बंदुका, औषधे, तेल, साखर अशा प्रत्येक विषयाच्या लॉबी आहेत. परदेशी सरकारसाठी काम करणाऱ्यांना १९३८ च्या कायद्यानुसार ‘परकीय हस्तक’ म्हणून नोंद करावी लागते. देशी नागरिकांच्या पैशावर चालणाऱ्या संघटनेला हा नियम लागू होत नाही.

इस्रायल समर्थक लॉबीतली सर्वात प्रभावी संघटना म्हणजे अमेरिकन इस्रायल पब्लिक अफेअर्स कमिटी, अर्थात ‘आयपॅक’. पत्रकार आय. एल. केनेन यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी सुरू केलेल्या कामातून ती उभी राहिली आणि १९५९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. अमेरिकी सदस्यांच्या देणग्यांवर चालत असल्याने तिची नोंद परकीय हस्तक म्हणून होत नाही. तिची ताकद अमेरिकी राज्यपद्धतीच्या रचनेतून येते. प्रतिनिधीगृहाच्या सर्व ४३५ जागांसाठी दर दोन वर्षांनी निवडणूक होते, म्हणजे निवडून आलेला सदस्य दुसऱ्या दिवसापासून पुढच्या प्रचाराच्या पैशाची जुळवाजुळव करू लागतो. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत मतदान कमी होते, त्यामुळे थोडा पैसा आणि थोडी संघटित मतेही निकाल फिरवू शकतात. परराष्ट्र धोरण बहुसंख्य मतदारांच्या प्राधान्यक्रमात खाली असते. ज्या थोड्यांच्या मनात ते सर्वात वर असते, त्यांचा आवाज मोठा होतो.

साधने तीन: पत्र, कायदा आणि पैसा.

पत्राचे प्रसिद्ध उदाहरण १९७५ चे. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी इस्रायलविषयक धोरणाचा ‘फेरविचार’ जाहीर केला होता. मे महिन्यात शंभरापैकी ७६ सिनेटरांनी इस्रायलच्या लष्करी व आर्थिक गरजांना प्रतिसाद द्या, असे पत्र त्यांना धाडले आणि फेरविचार तिथेच थंडावला.

कायदा हे त्याहून टिकाऊ साधन. १९९० आणि १९९४ मध्ये काँग्रेसने असे कायदे केले की, संयुक्त राष्ट्रांच्या ज्या संस्थेत पॅलेस्टाईनला राज्य म्हणून सदस्यत्व मिळेल, त्या संस्थेला अमेरिकेने पैसा देऊ नये. ऑक्टोबर २०११ मध्ये युनेस्कोने १०७ विरुद्ध १४ मतांनी पॅलेस्टाईनला सदस्य करून घेतले. युनेस्कोच्या अंदाजपत्रकातला २२ टक्के वाटा अमेरिकेचा होता. तो तत्काळ थांबला. ओबामा सरकारला त्यात निवड करायला जागाच नव्हती. जे कायदे केले तेव्हा केवळ शक्यतेच्या पातळीवर होते, त्यांनी वीस वर्षांनी नव्या अध्यक्षांचे हात बांधले.

पैशाचे साधन सर्वात उशिरा उघडपणे वापरात आले. अनेक दशके आयपॅक स्वतः उमेदवारांना देणग्या देत नसे; २०२१ अखेर तिने स्वतःची राजकीय समिती आणि ‘युनायटेड डेमोक्रसी प्रोजेक्ट’ हा सुपर पॅक, म्हणजे प्रचारावर अमर्याद खर्च करू शकणारा निधी, काढला. २०२४ मध्ये या सुपर पॅकने न्यूयॉर्कचे जमाल बोमन यांच्या विरोधात १.४ कोटी डॉलरहून अधिक, तर मिसूरीच्या कोरी बुश यांच्या विरोधात सुमारे ८५ लाख डॉलर खर्च केले. दोघेही डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत हरले. त्यांच्या विरोधातल्या जाहिरातींत गाझाचा विषय क्वचितच होता. भर होता तो पक्षाशी आणि अध्यक्षांशी असलेल्या निष्ठेवर. पेन्सिल्व्हेनियाच्या समर ली मात्र २०२२ मध्ये अशाच माऱ्यातून तगून निवडून आल्या.

लॉबी कुठे हरते

लॉबीच सारे ठरवते, असे म्हणणे सोपे आहे, पण इतिहास तसे सांगत नाही. १९५६ च्या सुएझ युद्धानंतर अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काँग्रेसमधल्या नेत्यांचा विरोध पत्करून इस्रायलला सिनाईतून माघार घ्यायला लावली. १९८१ मध्ये सौदी अरेबियाला टेहळणी विमाने विकण्यास आयपॅकने सारी शक्ती पणाला लावून विरोध केला. सिनेटने ५२ विरुद्ध ४८ मतांनी विक्रीच्या बाजूने कौल दिला. १९९१ मध्ये थोरल्या बुश यांनी इस्रायलसाठीची १० अब्ज डॉलरची कर्जहमी ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली वसाहतींच्या मुद्द्यावर रोखली. आपण एकटे विरुद्ध हजारभर लॉबिस्ट, असे त्यांनी १२ सप्टेंबरच्या पत्रकार परिषदेत बोलून दाखवले. हमी पुढच्या वर्षी, इस्रायलमध्ये यित्झाक राबिन सत्तेवर आल्यानंतर मिळाली. २०१५ मध्ये इराण अणुकराराच्या विरोधात इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांनी अमेरिकी काँग्रेससमोर भाषण केले, आयपॅकने कोट्यवधींचा प्रचार केला. तरी सिनेटमधला विरोधी ठराव ६० मतांचा टप्पा गाठू शकला नाही.

या प्रश्नावरचा सर्वात गाजलेला वाद २००६ मध्ये झाला. जॉन मियरशायमर आणि स्टीफन वॉल्ट या दोन राज्यशास्त्रज्ञांनी असे मांडले की, इस्रायलला मिळणारा अमेरिकी पाठिंबा सामरिक हिताने किंवा नैतिकतेने पुरता उलगडत नाही. त्याचे मुख्य कारण लॉबी आहे. त्यांच्यावर दोन बाजूंनी टीका झाली. काहींना त्यात ज्यूंच्या गुप्त सत्तेच्या जुन्या विषारी कल्पनेचा वास आला. इस्रायलचे कठोर टीकाकार नोम चॉम्स्की यांचा आक्षेप वेगळा होता: पश्चिम आशियात अमेरिकेला स्वतःची सत्ता राखायची आहे, आणि लॉबीला यश येते ते तिची मागणी त्या हिताशी जुळते तेव्हा.

वर दिलेल्या उदाहरणांतून एक मर्यादित पण भक्कम निष्कर्ष निघतो. अध्यक्षाने एखादी गोष्ट राष्ट्रहिताची ठरवून तिच्यासाठी राजकीय पुंजी खर्चायची तयारी ठेवली, तर लॉबी हरते. ती जिंकते ते जिथे अध्यक्षाला लढायचे नसते तिथे: मदतीची रक्कम, ठरावांची भाषा, पॅलेस्टिनी संस्थांवरचे निर्बंध. थोडक्यात, धोरण बदलण्याची किंमत ती वाढवून ठेवते. २०१६ मध्ये नेतान्याहूंशी उघड मतभेद असलेल्या ओबामा सरकारनेच २०१९ ते २०२८ या दहा वर्षांसाठी ३८ अब्ज डॉलरच्या लष्करी मदतीचा करार केला. त्याच वर्षाच्या २३ डिसेंबरला, कारकीर्द संपत आली असताना, वसाहती बेकायदा ठरवणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या ठरावावर नकाराधिकार न वापरता ते सरकार तटस्थ राहिले. पुढची निवडणूक लढवायची उरली नव्हती, हे त्यातले मर्म.

‘ज्यू लॉबी’ हा शब्दही दिशाभूल करणारा आहे. अमेरिकी ज्यूंची संख्या सुमारे ७५ लाख, आणि त्यांच्यात इस्रायलच्या धोरणांबद्दल तीव्र मतभेद आहेत. २००८ पासून काम करणारी ‘जे स्ट्रीट’ ही इस्रायल समर्थक संघटनाच पॅलेस्टिनी राज्याचा पुरस्कार करते. उलट पाद्री जॉन हेगी यांनी २००६ मध्ये स्थापलेली ‘ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्रायल’ ही इव्हँजेलिकल ख्रिश्चनांची संघटना वसाहतींच्या बाबतीत अनेक ज्यू संघटनांपेक्षा कडवी आहे. आखाती राजवटीही वॉशिंग्टनमध्ये लॉबिंगवर भरपूर पैसा ओततात, पण तो शस्त्रखरेदी आणि स्वतःच्या प्रतिमेसाठी. २०२० मध्ये संयुक्त अरब अमिराती आणि बहारीन यांनी इस्रायलशी संबंध जोडले, तेव्हा अशा संबंधांसाठी अरब देशांनी घातलेली पॅलेस्टिनी राज्याची अट मागे पडली. अरब-अमेरिकी संघटना आहेत, पण पैसा आणि संघटन यांत त्या कितीतरी मागे. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत एक लाखाहून अधिक मतदारांनी गाझा धोरणाचा निषेध म्हणून ‘कोणालाही बांधील नाही’ या रकान्यावर खूण केली. मतपेटीची भाषा दुसऱ्या बाजूलाही येऊ लागल्याची ती खूण होती.

पॅलेस्टाईनपुढचे पर्याय

१९६७ च्या युद्धात वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा इस्रायलच्या ताब्यात गेले. सप्टेंबर १९९३ मध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर राबिन आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे नेते यासर अराफत यांनी हस्तांदोलन केले, तेव्हा पहिल्या ओस्लो करारानुसार पाच वर्षांत अंतिम तोडगा निघेल असे ठरले होते. १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो कराराने वेस्ट बँकचे तीन विभाग केले. ‘अ’ विभागात पॅलेस्टिनी प्रशासन. ‘ब’ विभागात नागरी कारभार पॅलेस्टिनींचा, सुरक्षा मुख्यतः इस्रायलची. ‘क’ विभागात सारे इस्रायलचे. ‘क’ हा सुमारे ६० टक्के भाग सलग आहे, तर ‘अ’ आणि ‘ब’ त्यात बेटांसारखे विखुरलेले. ‘क’ विभागात पॅलेस्टिनी शेतकऱ्याला गोठा बांधायचा तरी इस्रायली लष्करी प्रशासनाचा परवाना लागतो. आयात मालावरचा करही इस्रायल गोळा करते आणि तो दरमहा पॅलेस्टिनी प्रशासनाला देणे अपेक्षित असते. वाद झाला की हप्ता अडतो आणि पॅलेस्टिनी प्रशासनाचे मुख्यालय असलेल्या रामल्लातल्या शिक्षकांचे पगार थकतात. पाच वर्षांची ही तात्पुरती सोय तीस वर्षे चालू आहे.

भवितव्याची चर्चा चार वाटांनी होते. पहिली, द्विराष्ट्र तोडगा: १९६७ च्या सीमांच्या आधारे स्वतंत्र पॅलेस्टाईन. जगातल्या बहुतेक सरकारांचा अधिकृत पाठिंबा यालाच आहे. अडचण अशी की, पूर्व जेरुसलेम धरून तिथल्या इस्रायली वसाहतींत सुमारे सात लाख लोक राहतात आणि इस्रायली संसदेने जुलै २०२४ मध्ये पॅलेस्टिनी राज्याच्या विरोधात ६८ विरुद्ध ९ मतांनी ठराव केला. दुसरी वाट, समान नागरिकत्वाचे एक राज्य. ओस्लोला विरोध करणारे विचारवंत एडवर्ड सैद यांनी १९९९ मध्ये तिचा पुरस्कार केला. जॉर्डन नदी आणि भूमध्य समुद्र यांच्या दरम्यान ज्यू आणि अरब यांची संख्या आज जवळपास सारखी, प्रत्येकी सत्तर लाखांच्या घरात आहे. म्हणूनच बहुसंख्य इस्रायलींना ही वाट ज्यू राज्याचा शेवट वाटते. तिसरी, महासंघ: दोन राज्ये, पण खुल्या सीमा आणि सामाईक जेरुसलेम. चौथी वाट कोणी ठरावात मांडत नाही, पण प्रत्यक्षात तीच चालू आहे: ताबा कायम, वसाहतींची वाढ, आणि अंतिम निर्णय पुढे ढकललेला.

कोणतीही वाट धरायची तरी पॅलेस्टिनींच्या वतीने बोलणार कोण, हा प्रश्न आधी येतो. जानेवारी २००६ च्या पॅलेस्टिनी कायदेमंडळाच्या निवडणुकीत इस्लामी संघटना हमासला सुमारे ४४ टक्के आणि अराफत यांच्या फताह पक्षाला ४१ टक्के मते मिळाली. पण मतदारसंघांत फताहची मते आपल्याच अनेक उमेदवारांत फुटली आणि १३२ पैकी ७४ जागा हमासकडे गेल्या. पाश्चात्त्य देशांनी मदत रोखली, दोन्ही गटांत रक्त सांडले, आणि जून २००७ पासून गाझा हमासकडे व रामल्ला पॅलेस्टिनी प्रशासनाचे अध्यक्ष, फताहचे महमूद अब्बास यांच्याकडे अशी फूट पडली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० जण मारले गेले, २५१ ओलीस धरले गेले. त्यानंतरच्या इस्रायली कारवाईत, गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार, साठ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

भारताचे वळण

लॉबीशिवायही धोरण बदलते, याचे उदाहरण भारत आहे. पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला पॅलेस्टिनींची एकमेव प्रतिनिधी म्हणून १९७४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला अरबेतर देश; १९८८ मध्ये त्याने पॅलेस्टाईनला राज्य म्हणूनही मान्यता दिली. इस्रायलला १९५० मध्येच मान्यता दिली होती, पण पूर्ण राजनैतिक संबंध जोडले ते १९९२ च्या जानेवारीत. तोवर इस्रायलला भारतात मुंबईचा वाणिज्य दूतावास तेवढा होता. कोकणातल्या गावोगावी तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवार पाळणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायली मोठ्या संख्येने तिकडे गेले आणि त्यांनी तिथे मराठी जपली. दिल्लीचे धोरण वळवावे एवढे बळ मात्र या छोट्या समाजात नव्हते, तसा त्याचा प्रयत्नही नव्हता. धोरण वळले ते सोव्हिएत संघाच्या विघटनाने आणि शस्त्रांच्या गरजेने. आज भारत इस्रायलकडून शस्त्रे घेतो आणि आमसभेत द्विराष्ट्र तोडग्याच्या बाजूने मत देतो, जसे त्याने सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क जाहीरनाम्यावर दिले.

रिकामी खुर्ची

त्याच सप्टेंबरमध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी पॅलेस्टाईनला मान्यता दिली. बाल्फोर यांच्या देशाला त्यासाठी जवळजवळ १०८ वर्षे लागली. अब्बास यांना अमेरिकेने व्हिसा नाकारल्यामुळे त्यांनी आमसभेत चित्रफितीद्वारे भाषण केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २८०३ संमत करून गाझाचा कारभार एका ‘शांतता मंडळा’च्या देखरेखीखाली आणि सुरक्षा आंतरराष्ट्रीय दलाकडे सोपवण्याला मान्यता दिली. मंडळाचे अध्यक्ष अमेरिकेचे अध्यक्ष. पॅलेस्टिनी राज्याचा उल्लेख ठरावात आहे, पण पॅलेस्टिनी प्रशासनातल्या सुधारणा आणि पुनर्बांधणी पुढे सरकल्या तर त्या दिशेने वाट तयार होऊ शकेल, अशा जर-तरच्या भाषेत.

वॉशिंग्टनमधली लॉबी उद्या दुबळी झाली, तरी पॅलेस्टिनी प्रतिनिधीची ही उणीव आपोआप भरून निघणार नाही. परक्या राजधानीतला दबाव कोणाला तरी बाहेर ठेवू शकतो; आत बसणारा प्रतिनिधी मात्र त्या समाजानेच निवडावा लागतो. २२ मे २०२१ ला ठरलेली पॅलेस्टिनी कायदेमंडळाची निवडणूक अब्बास यांनी पुढे ढकलली. इस्रायल पूर्व जेरुसलेममध्ये मतदान होऊ देत नाही, हे कारण त्यांनी दिले. फताहमधली फूट आणि हमासच्या विजयाची भीती, हे कारण टीकाकारांनी दाखवले. २०२५ संपेपर्यंत ती झालेली नव्हती. २००६ च्या जानेवारीत ज्याचे वय अठराहून कमी होते, अशा कोणत्याही पॅलेस्टिनी माणसाने तोवर आपल्या कायदेमंडळासाठी एकदाही मत दिलेले नव्हते. आणि वेस्ट बँक व गाझाच्या लोकसंख्येत अशांचेच बहुमत आहे.